मध्यवर्ती बँका सोनं उसनं देतात, त्याने भाव कसा काय पडतो? ते तर परत येतं ना?

‘परत येतं, मग परिणाम कसला?’ या एका वाक्यावर मी अनेकांशी भांडलोय, म्हणून उत्तर लिहितोय.

मध्यवर्ती बँक एक टन, म्हणजे सुमारे ३२,१५० औंस, बुलियन बँकेला (सोन्याचा घाऊक व्यवहार करणाऱ्या बँकेला) समजा वर्षाला १ टक्क्याने देते. बुलियन बँक ते तिजोरीत ठेवत नाही, हजर बाजारात, म्हणजे लगेच माल देण्याच्या बाजारात, विकून टाकते. औंसाला ३०० डॉलर धरा, साधारण ९६ लाख डॉलर हाती आले. ते ५ टक्क्यांनी गुंतवायचे आणि खाणीकडून वर्षभराने तेवढंच सोनं ३१२ च्या आसपास घ्यायचा वायदा करायचा. म्हणजे जमिनीतून अजून न निघालेलं सोनं आजच बाजारात आलं. भाव आज दबतो, परतफेड वर्षाने होते. युरोपीय मध्यवर्ती बँकांच्या ताळेबंदात ‘सोनं आणि सोन्याची येणी’ (उसनं दिलेलं, परत यायचं सोनं) एकाच ओळीत असतात, त्यामुळे बाहेरच्याला पत्ताच लागत नाही.

विक्री निदान दिसते. तिथे टनांपेक्षा घोषणा मारते. ब्रिटनने ७ मे १९९९ ला ७१५ पैकी सुमारे ४१५ टन लिलावात काढणार असं जाहीर केलं, पहिला लिलाव ६ जुलैला. मधल्या दोन महिन्यांत बाकीच्यांनी आधीच विकून घेतलं. २८० च्या वरचा भाव २० जुलैला २५३ वर. शेवटी ३९५ टन गेले, सरासरी २७५ डॉलरने. विकायचंच आहे हे गिऱ्हाइकाला आधी सांगणं ही घोडचूकच.

मग २६ सप्टेंबरला वॉशिंग्टन करार. युरोपातल्या पंधरा बँकांनी पाच वर्षांत २,००० टनांची मर्यादा घातली आणि उसनवारी वाढवणार नाही असंही लिहून दिलं. लोकांना फक्त पहिली अट आठवते. माझ्या मते भडका उडाला तो दुसरीमुळे. उसनं विकून बसलेले सगळे एकदम खरेदीला धावले. महिनाभरासाठी सोनं उसनं घेण्याचं व्याज, म्हणजे लीज दर, वार्षिक हिशेबाने ९ टक्क्यांवर, भाव ३२० पार. घानाची खाण कंपनी अशांती गोल्डफील्ड्स तर भाव वाढल्यामुळे बुडायच्या बेतात आली. वायद्यात तिने इतकं पुढचं विकलं होतं की भाव चढल्यावर मागितलं जाणारं मार्जिन (तारण म्हणून भरायची रक्कम) भरायला पैसे पुरेनात.

हे १९९९ चं गणित आज जसंच्या तसं लावू नका. २०१० पासून मध्यवर्ती बँका एकूणात खरेदीदार आहेत. रिझर्व्ह बँकेने २००९ मध्येच नाणेनिधीकडून २०० टन घेतलं. खाणींचे वायदेही पूर्वीइतके राहिले नाहीत. बघायचाच तर लीज दर बघा. तो डॉलरच्या व्याजदरावर चढला की हजर मालाची टंचाई आहे. आपल्या तोळ्याच्या भावात मात्र रुपया आणि आयात शुल्कही मिसळलेलं असतं, ते आधी वजा करा.