आरोग्य प्रश्नोत्तरे : वाडीवरून दवाखान्यापर्यंत

प्रश्न : आमची वाडी शाहूवाडी तालुक्यात, डांबरी रस्त्यापासून दीड-दोन किलोमीटर वर आहे. पावसाळ्यात चिखल आणि ओढ्यामुळे गाडी येत नाही. रोपलावणीत कुणाला साप चावला तर १०८ बोलावूनही उपयोग काय? गावाने आधी काय तयारी करावी?

उत्तर : गाडी वर येणार नाही, हे धरूनच तयारी करा. वेळ खरा वाया जातो तो घर ते डांबरी या टप्प्यात, आणि तेवढा टप्पा गावाच्या हातात आहे.

आधी डोली. आठ फुटी, न किडलेले दोन बांबू आणि तागाची दोन मजबूत पोती घ्या. पोत्यांच्या तळाचे कोपरे कापून बांबू ओवा, पोत्यांची तोंडं समोरासमोर ठेवा. दोन्ही टोकांना पावणेदोन फुटांची आडवी दांडी काथ्याने घट्ट बांधा. ही दांडी हमखास राहून जाते. मग वजन पडलं की बांबू जवळ सरकतात आणि माणूस मध्ये चेंगरतो. उन्हात पडलेलं खताचं प्लॅस्टिकचं पोतं वापरू नका, ते ऐनवेळी फाटतं. चार माणसं पुरत नाहीत, आठ जण ठरवून ठेवा. पाऊस लागण्याआधी धडधाकट माणसाला झोपवून ओढ्यापर्यंत नेऊन बघा. उतरताना पाय पुढे.

डोली बांधली जात असतानाच दुसऱ्याने रेंज मिळते तिथे जाऊन १०८ लावायचा. तालुका, गाव, वाडी या क्रमाने सांगा. नुसतं ‘धनगरवाडा’ म्हणून चालत नाही, आपल्या जिल्ह्यात धनगरवाडे ठिकठिकाणी आहेत. गाडी कुठे थांबवायची तेही सांगा : शाळा, दूध संस्था, एसटीचा थांबा. तिथे बॅटरी घेऊन एक जण उभा करा.

साप चावलेल्याला चालू देऊ नका. अंगठी, बांगड्या, पैंजण लगेच काढा, सूज आली की निघत नाहीत. हाता-पायाला मोडल्यावर बांधतात तशी फळी बांधा, पण दोरीने आवळू नका. आवळल्याने विष थांबत नाही, उलट रक्त अडून तो भाग सडतो. चिरा देणं, चोखणं, मंत्र, पाला यात वेळ घालवू नका. उलटी होत असेल किंवा पापण्या जड झाल्या तर कुशीवर झोपवा. मण्यारीचा दंश रात्री झोपेत होतो, दुखत जवळपास नाही, खूणही दिसेलच असं नाही. पहाटे पोटात कळा आणि डोळे उघडेनात, अशी तक्रार आली तर पित्त समजून घरी थांबू नका.

आता सर्वांत महत्त्वाचं. प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस, सलाईन आणि अॅड्रिनलिन आहे का, हे ग्रामपंचायतीने मे महिन्यातच विचारून घ्यावं. विषबाधेची लक्षणं असतील तर पहिला डोस, साधारण १० कुप्या, तिथेच सुरू व्हायला हवा. लहान मुलालाही तेवढाच. लसीची रिअॅक्शन येऊ शकते, म्हणून अॅड्रिनलिन हाताशी लागतं. घोणस, फुरशाचं विष रक्त गोठू देत नाही. ते तपासायला कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त २० मिनिटं न हलवता ठेवतात; प्लॅस्टिकच्या नळीत निकाल चुकतो. लस न देताच ‘पुढे न्या’ म्हटलं जातं आणि कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात पोचेपर्यंतचा वेळ विषाला मिळतो. तसं म्हणाले तर पहिला डोस देऊनच पाठवा, असा आग्रह धरा. किती कुप्या, किती वाजता, हे चिठ्ठीवर लिहून घ्या. साप मारून नेण्यात वेळ घालवू नका, उपचार लक्षणांवरून ठरतो.

प्रश्न : आईला बीपीच्या गोळ्या चालू आहेत. दर महिन्याला दवाखाना गाठणं पावसात जमत नाही. काय करावं?

उत्तर : आधी उपकेंद्रात विचारा. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकारी बीपी तपासतात आणि ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून डॉक्टरांशी बोलणं करून देतात. जूनआधी एकदा आरोग्य केंद्रात दाखवून दोन महिन्यांच्या गोळ्या मागून बघा. न मिळाल्यास आशाताईंना कार्ड दाखवून ठेवा, म्हणजे त्या उपकेंद्रातून गोळ्या आणण्याची सोय बघतील. बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करू देऊ नका. बीपी वाढलेलं बहुधा जाणवतच नाही. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसवा, दंड मोकळा करा. चढ चढून आल्या आल्या घेतलेला आकडा धरू नका.