वरातीची घोडी तयार करायला निघालेल्यास

चि. यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. दिवाळीत अकलूजच्या बाजारात घोडी घ्यायची, तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात तेव्हा तिला वरातीला लावायची आणि पहिल्याच लग्नसराईत घातलेले पैसे काढायचे, असा तुझा हिशेब. यातली घोडी घे, बाकीचा हिशेब मोड. नव्या दावणीला, नव्या पाण्याला आलेलं जनावर पंधरवड्यात डीजेपुढे उभं केलं तर ते उधळतं, नाहीतर भेदरून थिजतं. थिजलेलं लोकांना ‘गरीब’ वाटतं आणि तेच एका फटाक्याला गर्दीत शिरतं. तिला नीट तयार व्हायला निदान पाच-सहा महिने लागतील. तोवर चैत्र-वैशाख आलेला असेल आणि सोलापूरचा वैशाख ही नवख्या घोडीला कामाला लावायची वेळ नव्हे. तेव्हा पहिली वरात पुढच्या वर्षीच्या तुळशीच्या लग्नानंतर धर.

बाजारात लोक तुला देवमण, पंचकल्याणी, भोवरे अशा शुभ मानलेल्या खुणा दाखवतील. ऐकून घे, पण किंमत त्यावर मोजू नकोस. भोवऱ्याने घोडी लंगडत नाही आणि लंगडायची थांबतही नाही. तोंड उघडून दात बघ. पुढचे मधले दोन कायमचे दात अडीच वर्षांच्या सुमारास येतात, शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. पाचव्या वर्षी तोंड पुरं भरतं. पाठीच्या मणक्यांची हाडं मात्र पाच-साडेपाच वर्षांपर्यंत पक्की होत असतात. म्हणून कडेचे दुधाचे दात अजून जागेवर असतील तर ती घोडी कितीही उंच, कितीही देखणी असो, सोडून दे. मग पाठीवर हात फिरव. मानेच्या बुडाशी, खांद्यांच्या वरच्या उंचवट्यावर पांढऱ्या केसांचे ठिपके असतील तर तिथे कधीतरी खोगीर लागून जखम झालेली आहे. कडक जमिनीवर, सैल दोरावर तिला दुडकी चालवायला लाव. पुढचा पाय दुखत असला की दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं आणि चांगल्या पायावर खाली येतं. हे मऊ मातीत लपतं. पांढरीशुभ्र, गुलाबी कातडीची नुकरा वरातीत खुलून दिसते, पण आपल्याकडच्या उन्हात तिचं नाक आणि डोळ्यांभोवतीची कातडी भाजते, हे धरून चाल.

नाकातून घट्ट, पिवळट स्राव किंवा अंगावर गाठी-फोड दिसले तर जवळही जाऊ नकोस. ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची शंका असते, तो माणसालाही होतो आणि झालेल्या घोड्याला वाचवत नाहीत. रक्त तपासल्याशिवाय पैसे देऊ नकोस. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे नमुने जातात, ते पशुवैद्यकाकरवी होतं. घरी आणल्यावर धनुर्वाताची लस टोच: चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, मग वर्षाला एक. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. तूही घेऊन टाक.

आता वजन. या धंद्यात सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. खिशात शिंप्याचा टेप ठेव. पुढच्या पायांमागून, तंग (खोगिराचा पोटाखालून आवळायचा पट्टा) बसतो तिथून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घे. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या मागच्या टोकापर्यंत लांबी घे. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८७७. उत्तर आलं ते अंदाजे किलोत वजन. समज घेर १६५ आणि लांबी १५० आली, तर वजन साधारण ३४४ किलो. पाठीवर एकूण ओझं याच्या पाचव्या हिश्शाच्या आत हवं, म्हणजे ६९ किलो. त्यात वरातीचं खोगीर, मखमल, घुंगरू, झूल मिळून १२-१५ किलो जातात. उरले पंचावन्न. शेरवानी, फेटा आणि तलवारीसकट नवरदेव पंचाहत्तरचा, आणि पुढ्यात भाच्याला बसवायची हौस! सुपारी घेतानाच नवरदेवाचं वजन विचार. लोक हसतील, हसू देत. वजन जास्त असेल तर मोठ्या जनावराकडे पाठव किंवा रथ सुचव. पोराला पुढे बसवायचं नाही, हे आधीच सांगून ठेव. ऐनवेळी मंडपाच्या दारात मामाशी भांडण होतं ते याच कारणावरून.

भीमथडी घेऊ का, असंही विचारलंस. आपल्याच भीमेच्या खोऱ्यातलं तट्टू, धनगरांच्या बिऱ्हाडाचं ओझं वाहत आलेलं, खुरांनी कणखर. उन्हाला, कोरड्या चाऱ्याला ते टिकतं. पण अंगाने लहान, म्हणजे वरचं गणित आणखी घट्ट. लहान पोरांना रपेट शिकवायला उत्तम, परण्याला, म्हणजे लग्नाआधीच्या नवरदेवाच्या मिरवणुकीला, नको.

शिकवण्याकडे वळतो. पहिले तीन-चार आठवडे पाठीवर बसायचंच नाही. म्होरकी, दहा-बारा फुटांचा सुती दोर आणि मऊ मुरमाची जागा पुरे. घोडी शिकते ती दाब सुटण्याच्या क्षणाला. मागे सरकायला शिकवताना दोराने नाकाच्या हाडावर हलका दाब दे आणि थांब. ती आधी डोकं वर करेल, मग बाजूला वळेल. तोपर्यंत दाब तेवढाच ठेव, वाढवू नकोस. तिने वजन नुसतं मागच्या पायांवर टाकलं, अजून पाऊलही उचललं नाही, त्याच क्षणी दोर ढिला सोड. दोन सेकंद उशिरा सोडलास तर तिने दोन सेकंदांनंतर जे केलं ते ती शिकली. तोवर ती पुन्हा पुढे आली असेल तर तू तिला पुढे यायला शिकवलंस. ‘हट्टी आहे’ म्हणून जी जनावरं विकायला येतात, त्यांतली बरीच मालकाच्या उशिरा सुटलेल्या हाताने घडलेली असतात.

वीस मिनिटं सकाळी, वीस संध्याकाळी. दोरावर गोल फिरवणं एका बाजूला दहा मिनिटांच्या वर नको, लहान वर्तुळात सांधे भरडतात. रोजच्या कामात जे नीट जमलं तिथेच थांब. खोगीर घालताना आधी नुसता नमदा (खोगिराखालची जाड गादी), मग खोगीर, मग तंग सैल, चार पावलं चालवून थोडा घट्ट, पुन्हा चालवून शेवटचा. तंगाखाली दोन बोटं सपाट जायला हवीत. एकदम आवळलेल्या तंगाने घोडी पोट फुगवायला आणि चावायला शिकते. काम झाल्यावर खोगीर काढून घाम बघ: सगळीकडे ओल आणि मध्येच एक कोरडा पट्टा असेल तर तिथे खोगीर दाबतंय. वरातीच्या मखमली खोगिराखालचा लाकडी सांगाडा हटकून उंचवट्यावर टेकतो. तो दाब नमद्याचे थर वाढवून सुटत नाही, सांगाडाच बदलावा लागतो.

लगाम साधा, गुळगुळीत, सांध्याचा घे. तोंडाच्या कोपऱ्याला एक सुरकुती पडेल एवढाच वर. काटेरी लगाम बाजारात उघड टांगलेले दिसतील. ओढकाम आणि ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली झालेल्या नियमांनी काटे, गाठी असलेलं लगाम-सामान वापरायला मनाई आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, त्याने तोंड फाटलं की घोडी दुखण्यापासून पळते, म्हणजे थांबवायच्या साधनानेच उधळते. उधळलीच तर दोन्ही हातांनी मागे खेचू नकोस. तिच्या मानेची ताकद तुझ्या दंडांना ऐकणारी नाही. एकच लगाम हळूहळू आखडत तिचं डोकं गुडघ्याकडे वळव, मागचे पाय आडवे पडले की वेग आपोआप तुटतो. हे आधी उभ्या घोडीवर, मग चालीत, दोन्ही बाजूंनी पन्नासदा करून ठेव. भरधाव वेगात पहिल्यांदाच केलंस तर दोघेही पडाल.

तुझी स्वतःची मांड पक्की होईपर्यंत लगाम हातात घेऊच नकोस. कुणीतरी दोर धरावा, तू हात मांडीवर ठेवून आधी चालीत, मग दुडकीत बस. तोल गेल्यावर लगामाला लटकणारा स्वार घोडीचं तोंड कायमचं बोथट करतो. रिकिबीत पाऊल फक्त चवड्यापर्यंत, टाच खाली. चपला घालून बसायचं नाही, पाऊल पलीकडे सरकून अडकतं आणि माणूस फरफटत जातो. डोक्याला हेल्मेट.

हलगीची सवय हे वेगळंच प्रकरण. हलगीवाला गाठून त्याला शंभर पावलांवर उभा कर आणि हळू वाजवायला सांग. घोडीचे कान तिकडे रोखले जातील, मान ताठ, नाकपुड्या फुललेल्या. काही करू नकोस, दोर सैल ठेवून उभा राहा. मान उतरली, तिने ओठ चाटले, कान आलटून-पालटून फिरू लागले, की त्याच वेळी वाजवणं थांबव. ती नाचत असताना थांबवलंस तर नाचल्याने आवाज बंद होतो असा धडा तिला मिळाला. दुसऱ्या दिवशी नव्वद पावलं. एखाद्या दिवशी मागे जावं लागेल, जा. कापसाचे कानबोळे शिवून घे आणि सरावातही घाल, म्हणजे वरातीच्या दिवशी तेही नवं नको. डीजेच्या भिंतीला लागून मात्र तयार घोडीनेही उभं राहू नये. स्पीकरपासून अंतर सुपारीतच ठरव. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत शोभेच्या दारूकामाच्या रात्री घोडी होम मैदानाच्या आसपास बांधलेली नको, दोन दिवस आधी गावाबाहेर हलव.

‘नाचरी’ करून दे म्हणणारे भेटतील. पायांवर चाबकाचे फटके आणि वर आवळलेला लगाम, असं ते नाचणं बहुतेक वेळा तयार होतं. घोडी ठेक्यावर नाचत नसते, पुढच्या फटक्याआधी पाय उचलत असते. तू ते शिकवू नकोस, शिकवून आलेली घेऊही नकोस. तसंच शांत राहायचं इंजेक्शन. त्याने रक्तदाब उतरतो, पाय अडखळतात, आणि वर माणूस बसलेला असतो.

उन्हाचं सांगतो. त्याच १९६५ च्या नियमांत पारा ३७ अंशांवर गेलेल्या भागात दुपारी १२ ते ३ काम नको, सलग पाच तासांहून जास्त नको, दिवसात एकूण नऊ तासांहून जास्त नको, असं आहे. वरातीच्या घोडीला हीच बाहेरची हद्द समज, त्याच्या बरंच आत राहा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा साडेबाराच्या मुहूर्ताचा परण्या घ्यायचा नाही. गोरजाची लग्नं घे, तीही दिवसाला एक, फार तर दोन. निघण्याआधी डांबरावर तळहात टेकव. पाच सेकंद ठेववत नसेल तर थांब. विसाव्यात नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते, जबड्याच्या खालच्या कडेला बोट ठेवून मोजता येते. काम संपून पंधरा मिनिटांनीही ती साठाच्या खाली येत नसेल तर काम जास्त झालं. अंगाचं तापमान ३८.५ अंशांपर्यंत ठीक. तापलेल्या घोडीवर गार पाणी ओतू नये असं जुने लोक सांगतात, ते मानू नकोस. मानेवर, छातीवर, पायांवर पाणी ओतत राहा आणि वाऱ्याला हळू चालव. ऊन आहे, ती धापा टाकते आहे आणि अंग कोरडं आहे, म्हणजे घाम येणं बंद पडलंय. लगेच पाणी ओतायला लाग आणि जनावरांच्या डॉक्टरी मदतीच्या १९६२ या नंबरवर फोन कर.

खाण्यात आपला कडबा चांगला, पण कुट्टी करून, बुरशी झटकून आणि भरपूर पाण्याबरोबर. दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट धर. कोरडा कडबा आणि कमी पाणी म्हणजे आतड्यात गोळा. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटशूळ उठला की जिवावर बेततं. ती पोटाकडे वळून बघते, जमीन उकरते, पुन्हा पुन्हा लोळते. अशा वेळी चारा उचल, डॉक्टर येईपर्यंत घरगुती काढे घशात ओतू नकोस, ते फुप्फुसात जातात. ज्वारीचे कोवळे फुटवे कधीही खाऊ देऊ नकोस, त्यात विष असतं. चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, एका वेळी दोन किलोच्या वर नाही आणि कामावरून आल्या आल्या तर नाहीच: आधी पाणी, मग चारा, तासाभराने चंदी. रोज तीसेक ग्रॅम मीठ. घामाच्या दिवसांत दुप्पट. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी. नाल घट्ट आहे म्हणून तारीख पुढे ढकलायची नाही, खूर वाढून सांध्याचा कोन बिघडतो.

आणि चातुर्मास. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत मुहूर्त नाहीत, कमाई नाही, घोडी मात्र रोज सहा-सात किलो कोरडा चारा खाते. चार महिन्यांचे सव्वासातशे ते साडेआठशे किलो होतात. पावसाळ्यात विजापूर रोडला मोकाट फिरणारी, कचऱ्यात तोंड घालणारी घोडी दिसते, तिच्या मालकाने हे गणित केलेलं नसतं. रब्बीची काढणी झाली की कडबा स्वस्त असतो, तेव्हाच चार महिन्यांचा भरून ठेव, खाली फळ्या टाकून. तेवढी जागा आणि तेवढे पैसे आज नसतील तर यंदा घोडी घेऊ नकोस, कुणाच्या तरी पागेत वर्षभर खरारा कर. आणखी एक रक्कम बाजूला काढ: ती सतराअठरा वर्षांची होऊन काम थांबेल तेव्हासाठी. लंगडी झाली की बाजारात उभी करणं सोपं असतं आणि घेणारा तिला कशासाठी घेतो ते दोघांनाही ठाऊक असतं.

बाजारात एखादी पसंत पडली तर छातीचा घेर, लांबी आणि दातांचा फोटो पाठव, पैसे द्यायच्या आधी. दोन दिवस थांबायला विकणारा तयार नसेल तर ती सोडून दे.

कळावे.