अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातला एखादा साधा सैनिक कोण, ज्याची आठवण ठेवावी?

माझ्यासाठी जोसेफ प्लम्ब मार्टिन. १७७६ मध्ये कनेक्टिकटमधून भरती झाला तेव्हा वय अवघं पंधरा. ती मुदत संपल्यावर १७७७ मध्ये तो पुन्हा भरती झाला आणि १७८३ पर्यंत सैन्यात होता. १७८१ मध्ये यॉर्कटाउनला ब्रिटिश सैन्याला घातलेल्या वेढ्यात, म्हणजे युद्धाच्या शेवटच्या मोठ्या लढाईत, तो सुरुंग-खंदक खणणाऱ्या तुकडीत होता. रात्रीच्या हल्ल्यात शत्रूचे लाकडी अडथळे कुऱ्हाडीने तोडायला हीच माणसं सर्वांत पुढे होती.

पण मला लढायांपेक्षा त्याने लिहिलेली भूक जास्त आठवते. १७८० च्या सुरुवातीला मॉरिसटाउनच्या छावणीत भयानक बर्फ पडला. चार दिवस-रात्र त्याच्या पोटात काठीवरून कुरतडलेल्या बर्च झाडाच्या सालीखेरीज जवळजवळ काहीच गेलं नाही. काहींनी तर जुने जोडे भाजून खाल्ले! ही माणसं तरीही टिकून राहिली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

सैनिकांना कबूल केलेली जमीन त्याला कधी मिळाली नाही, आणि याबद्दल तो म्हातारपणीही स्पष्ट बोलला. गरिबी सिद्ध केल्यावर पेन्शन मिळाली, वर्षाला ९६ डॉलर. १८३० मध्ये त्याने आठवणी छापल्या, त्याही निनावी. सेनापतींच्या चरित्रांत न सापडणारं रोजचं युद्ध आज आपल्याला कळतं ते त्यामुळे. १८५० मध्ये तो मेन राज्यात वारला.