इंग्रजी वाक्यात ‘व्हेरी’, ‘रिअली’, ‘टू’ यांपैकी केव्हा काय वापरावे?

ज्या विशेषणाचा गुण कमी-अधिक होऊ शकतो, उदाहरणार्थ ‘कोल्ड’ किंवा ‘टायर्ड’, त्यापूर्वी ‘व्हेरी’ चालते. परंतु ‘फ्रीझिंग’, ‘एक्झॉस्टेड’ यांसारख्या विशेषणांत पराकोटी आधीच सामावलेली असल्याने तेथे ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ योजावे. ‘रिअली’ दोन्हीकडे खपते, म्हणून शंका असल्यास तेच बरे. आपल्याकडे खरी गफलत होते ती ‘टू’ची: ‘द टी इज टू हॉट’ म्हणजे चहा पिता येणार नाही इतका गरम आहे, त्यामुळे कौतुकाने ‘टू गुड’ म्हणण्याची सवय (बोलण्यात ती कितीही रुळलेली असो) औपचारिक लेखनात आणू नये. क्रियापदापूर्वी नुसते ‘व्हेरी’ येत नाही. ‘आय रिअली लाइक इट’ किंवा ‘आय लाइक इट व्हेरी मच’ असेच लिहावे.