सहा आणि तीन वर्षांचे दोन मुलगे दिवसभर भांडतात, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मोठा सहाचा, धाकटा तीनचा, सकाळी डोळे उघडले की जुंपते ती रात्री झोपेपर्यंत, आणि आता वाटायला लागलंय की आपलंच काहीतरी चुकतंय. माझे दोघे आता आठ आणि पाच वर्षांचे आहेत, म्हणजे दोन वर्षांपूर्वी मी नेमका तुमच्या जागी होतो. तुमचं काही चुकत नाहीये, हे आधी सांगतो. माझ्या घरात फरक पडला तो मी न्यायाधीश व्हायचं सोडलं तेव्हा.

एक प्रसंग सांगतो. घरात एक मोठा पुठ्ठ्याचा खोका आला होता. मोठ्याने त्याचं जहाज केलं. आतल्या बाजूला स्केचपेनने गोल गोल बटणं काढली आणि तासभर एकटाच रमला. मग धाकटा उशी ओढत आला, आत घुसला आणि बटणांवर पाठ टेकून बसला. मोठ्याने ढकललं, धाकट्याने चावा घेतला. मी धावत आलो आणि नेहमीचाच प्रश्न विचारला, 'कोणी सुरू केलं?' दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. मग मी नेहमीचाच निकाल दिला, 'तू दादा आहेस ना, जरा दे त्याला.'

मोठा काही न बोलता बाहेर आला. पाच मिनिटांनी धाकटा दुसरंच काहीतरी खेळत असताना त्याने येऊन त्याला करकचून चिमटा काढला. त्या वेळी मी त्याला ओरडलो. आज वाटतं, तो चिमटा माझ्या निकालाचा होता. तीन वर्षं आधी जन्माला आला म्हणून प्रत्येक वेळी त्यानेच सोडायचं, आणि वर त्याला प्रेमही वाटायला हवं, ही अपेक्षा सहा वर्षांच्या पोराला झेपणारी नाही. त्या दिवसापासून 'तू दादा आहेस ना' हे वाक्य मी तोंडातून काढलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खोक्यावरून वाजलं. या वेळी मी जमिनीवर दोघांच्या मधे बसलो. म्हटलं, 'आता खोक्याला कोणी हात लावायचा नाही. आधी तू सांग, मग तू.' मोठा रडत रडत म्हणाला, 'तो माझी बटणं दाबून मोडतो, मुद्दाम.' मी धाकट्याला विचारलं, 'दादाने काय सांगितलं?' तो खोक्यात वाकून बघत राहिला आणि म्हणाला, 'कुठेत बटणं?' त्याला तिथे नुसत्या रेघोट्या दिसत होत्या. मोठा चकित झाला. 'तुला खरंच दिसत नाहीत?' मग त्यानेच खालच्या कोपऱ्यात धाकट्यासाठी एक वेगळं बटण काढलं. ते भोंग्याचं होतं. पुढचा अर्धा तास घरात भोंगा वाजत होता.

या 'मुद्दाम'मध्ये खूप काही दडलंय. 1983 साली हाइंत्स विमर आणि योसेफ पेर्नर या संशोधकांनी लहान मुलांना एक गोष्ट सांगितली. मॅक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून जातो, आई ते त्याच्या नकळत दुसऱ्या कपाटात हलवते. मॅक्सी परत आला की कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं सहसा सांगतात, चॉकलेट आता आहे तिथे. मॅक्सीला हे ठाऊक नाही, त्याच्या डोक्यातलं चित्र वेगळं आहे, हे साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास उमजायला लागतं. तुमचा धाकटा अजून त्या उंबऱ्याच्या अलीकडे आहे. दादाच्या मनातलं जहाज त्याला दिसतच नाही. आणि मोठ्याला वाटतं, दिसतंय तरी हा मोडतोय. मधे बसून हे एकमेकांना उलगडून सांगायचं काम आपलं. तीन वर्षांच्या मुलाला शब्द सापडत नाहीत, तेव्हा त्याच्या वतीने आपण बोलायचं आणि 'असंच ना?' म्हणून त्याच्याकडून खात्री करून घ्यायची. तोडगा मात्र त्यांनाच काढू द्यायचा. पहिले काही दिवस फार वेळ जातो, दमायला होतं. तरी करा.

हात उचलला गेला असेल तर आधी मारणाऱ्याचा हात धरा, पण लक्ष ज्याला लागलंय त्याच्याकडे द्या. 'सॉरी म्हण' असा आग्रह मी धरत नाही, कारण तो शब्द लवकरच नुसती सुटकेची चावी होतो. त्याऐवजी 'त्याला बरं वाटायला काय करू या?' असं विचारतो. मोठा हल्ली स्वतःच ओलं फडकं आणून देतो.

प्रत्येक झटापट म्हणजे भांडण नसतं, हेही मला उशिरा कळलं. चेहरे बघा. हसत असतील, एकदा हा वर एकदा तो वर असं चाललं असेल, सुटल्यावर परत एकमेकांकडेच धावत असतील, तर ती मस्ती आहे, चालू द्या. जबडे आवळलेले असतील, एक जण निसटायला बघत असेल, तर लगेच उठा. आमच्याकडे नियम एकच आहे, कोणीही 'थांब' म्हटलं की थांबायचं. गुदगुल्या करताना तो मलाही लागू आहे. दोघांनी तो आधी माझ्यावर वापरून बघितला आणि मी खरंच थांबलो, म्हणून त्यांचा त्यावर विश्वास बसला.

'मुलगेच ते, चौथ्या वर्षी त्यांच्यात टेस्टोस्टेरॉन उसळतं' असं तुम्हालाही कोणीतरी ऐकवेल. त्यात तथ्य नाही. मुलग्यांमध्ये हे पुरुषी हार्मोन जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत वाढतं, मग थेट वयात येईपर्यंत अगदी कमी असतं. 'मुलगेच ते' म्हणून मारणं माफ करू नका, आणि रडणं बंदही करू नका.

अंगातली रग मात्र जिरायला हवी. जागतिक आरोग्य संघटना तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल सांगते, त्यातली 60 मिनिटं चांगली दमवणारी. आम्ही संध्याकाळच्या आधी दोघांना बाहेर पळायला नेतो. नाही नेलं, तर घर त्याची किंमत मोजतं.

झोपेने तर आमचं घर खरोखर सावरलं. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसभरात 10 ते 13 तास झोप लागते, सहाच्या पुढच्यांना 9 ते 12. धाकट्याने दुपारची झोप सोडली होती, पण रात्री दोघे एकाच वेळी झोपत होते. म्हणजे त्याची झोप रोज कमी पडत होती आणि संध्याकाळी तो कशावरूनही पेटत होता. आम्ही त्याला अर्धा तास आधी झोपवायला लागलो. त्यामुळे मोठ्याला तो अर्धा तास माझ्याबरोबर एकट्याला मिळाला, हे आम्ही ठरवलंही नव्हतं. काही विशेष करत नव्हतो. तो माझ्या पोटावर डोकं ठेवून छताकडे बघत बोलायचा. तिसऱ्या की चौथ्या रात्री म्हणाला, 'बाबा, आता तू माझा एकट्याचा आहेस ना?' मी हो म्हटलं. त्या आठवड्यात चिमटे काढणं जवळजवळ थांबलं. तुम्हाला एकच गोष्ट जमणार असेल तर ही करा, आणि धाकट्यालाही तसाच वेळ सकाळी द्या.

मोठ्याला एक उंच फळी द्या. तिथल्या वस्तू त्याच्या एकट्याच्या, कोणाला द्यायची सक्ती नाही. हक्काचं काही असलं की बाकीचं द्यायला हात मोकळा होतो. सुरक्षिततेसाठीही ती फळी हवीच. मोठ्याच्या खेळण्यातले बारीक तुकडे, छोटी लोहचुंबकं आणि बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या धाकट्याच्या हाती लागता कामा नयेत. अशी बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट दवाखाना गाठायचा.

आमच्याकडे हे सगळं अंगवळणी पडायला दोनेक महिने लागले. भांडणं अजून होतात. काल लिफ्टचं बटण कोणी दाबायचं यावरून जुंपली. मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन गप्प उभा राहिलो. शेवटी उतरताना धाकट्याने आणि चढताना मोठ्याने दाबायचं, असं दोघांनी आपापसात ठरवलं. तोवर लिफ्ट निघून गेली होती, म्हणून आम्ही जिन्याने उतरलो.