सोरायसिस आणि सुजलेलं बोट

प्रश्न : आठ वर्षं कोपरांवर सोरायसिस (खपल्यांचे चट्टे उठणारा त्वचारोग) आहे. दोन महिन्यांपासून पायाचं एक बोट सुजलंय, सकाळी टाच टेकवत नाही. आरए फॅक्टर (संधिवातासाठीची रक्ततपासणी) निगेटिव्ह, युरिक ॲसिड किंचित जास्त. गाऊट (युरिक ॲसिडमुळे होणारी सांधेदुखी) समजून बांगडे, सुंगटं (कोळंबी) बंद केली. बरोबर केलं का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : मासळीवर एवढ्यात राग नको. सोरायसिसमध्ये युरिक ॲसिड तसंही वाढलेलं सापडतं. गाऊट सहसा एका रात्रीत भडकतो आणि आठ-दहा दिवसांत ओसरतो. तुमची सूज दोन महिने टिकून आहे. अख्खं बोट सॉसेजसारखं फुगणं, टाचेत कळ, सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून जास्त, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खळगे, ही सोरायटिक संधिवाताची, म्हणजे सोरायसिससोबत येणाऱ्या संधिवाताची लक्षणं. यात आरए फॅक्टर बहुधा निगेटिव्हच येतो, त्यावर विसंबू नका.

संधिवाततज्ज्ञांना लवकर दाखवा. झिजलेला सांधा भरून येत नाही. त्यांनी मेथोट्रेक्सेट हे यावरचं औषध दिलं तर ते आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेततं. सोबत फॉलिक ॲसिड, ठरावीक काळाने रक्ततपासणी. आणि फेणी बंद, कारण दोन्हींचा भार यकृतावरच. पोटातून स्टेरॉइड मनाने घेऊ नका, सोडताना त्वचेवरचा सोरायसिस उसळतो.