पद्मिनी घ्या, पण पत्रा पाहून

प्रश्न: आमच्या गल्लीतल्या काकूंच्या वाड्यात १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी शेडखाली पडून आहे. काका गेल्यापासून कुणी हलवलेली नाही. टायर बसलेत, इंजिन जाम आहे. काकू ती स्वस्तात द्यायला तयार आहेत. गाडी घेऊन डिझेल इंजिन, स्टिअरिंगजवळच्या हँडगिअरऐवजी खाली फ्लोअरवरचा गिअर, रुंद अलॉय व्हील आणि एसी बसवायचा विचार आहे. घ्यावी का? (एक वाचक, कराड)

उत्तर: जरूर बघा. फक्त इंजिन जाम आहे म्हणून घाबरू नका आणि वरून रंग चकाकतोय म्हणून भुलू नका. या गाडीचा निकाल पत्रा आणि कागद लावतात.

पद्मिनीला जीपसारखी वेगळी चासी नसते. बॉडी हाच तिचा सांगाडा, त्यामुळे पत्रा सडला की गाडीची ताकदच जाते. मॅट उचलून पायाखालचा फ्लोअर बघा. दरवाजांच्या खालच्या पट्ट्या, डिकीतला तळ, बॅटरीखालची जागा आणि मागचे पाटे बॉडीला जिथे धरलेत तो भाग हाताने चाचपा. लोहचुंबकाला पातळ फडकं गुंडाळून बॉडीवरून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. मग माझी आवडती परीक्षा करा. चारही दरवाजे नीट लागतात ना ते पाहा आणि एका बाजूला जॅक लावून गाडी उचला. त्या बाजूचा दरवाजा आता अडकायला लागला, तर खालचा सांगाडा खचलाय. अशी गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका, कारण चांगल्या डेंटरची मजुरी गाडीच्या किमतीच्या कितीतरी पुढे जाते.

इंजिनाचं तसं नाही. १०८९ सीसीचं हे साधं पेट्रोल इंजिन आहे. बोअर करता येतं, क्रँक ग्राइंड करून घेता येतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर हात बसलेले लोक आहेत, आणि कराडहून ते काही लांब नाही. बरेचदा रिंगा सिलिंडरला गंजून धरलेल्या असतात, बाकी सगळं शाबूत असतं. गॅरेजवाल्याला सांगा, स्टार्टर मारायचा नाही आणि ढकलून तर मुळीच सुरू करायची नाही. चारही प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं पातळ ऑइल सोडा, काही दिवस मुरू द्या आणि मग क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून हळूहळू पुढे-मागे फिरवा. सुटलं तर तळातलं जुनं ऑइल आणि टाकीतलं कुजलेलं पेट्रोल काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता कागद. गाडी काकांच्या नावावर असेल, तर आधी फॉर्म ३१ भरून ती वारसाच्या, म्हणजे काकूंच्या नावावर व्हायला हवी. मग फॉर्म २९ आणि ३० वर तुमच्या नावावर. आरसी बुकात लिहिलेले चासी आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचा. आरटीओच्या संगणकात गाडीची नोंद आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा. नोंदणी बहुतेक संपलेली असेल. नूतनीकरणाला तपासणी लागते, आणि वीस वर्षांवरच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून त्याची फी १०,००० रुपये झाली आहे. काकूंना या धावपळीत ओढणार असाल तर भाव पाडू नका, एवढी माझी विनंती.

डिझेल इंजिन नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ नोंदीपेक्षा वेगळं इंजिन परवानगीशिवाय बसवता येत नाही. कारखान्याने पुढे डिझेल पद्मिनी काढली होती, पण ती तशीच नोंदली गेलेली गाडी. तुमची पेट्रोलची आहे. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसेल तरच. १९७८ ची गाडी २०२८ मध्ये त्या उंबरठ्यावर येते. आज इंजिन बदललंत तर तो दरवाजा स्वतःच्या हाताने बंद कराल.

हँडगिअरही काढू नका. तो अडकतो किंवा ढिला लागतो, कारण दांड्यांच्या सांध्यातले बुश झिजलेले असतात. बुश नवे टाका, सांधे नीट लावून घ्या, गिअर अलगद पडायला लागेल. खालच्या गिअरसाठी फ्लोअर कापायचं म्हणजे या गाडीतली सगळ्यात सुंदर गोष्ट फेकून देणं. रुंद अलॉयने स्टिअरिंग जड होईल आणि किंगपिनवर, म्हणजे पुढची चाकं ज्या खिळीवर वळतात तिच्यावर, ताण येईल. मूळच्या चौदा इंची रिमवर योग्य मापाचे रेडियल टायर घाला. एसीचं वर्षभर गाडी चालवल्यावर ठरवा.

पैसा घालायचाच तर इथे घाला: चारही चाकांचे व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर आणि ब्रेकच्या पाइप नव्या. डायनामो असेल तर त्याजागी अल्टरनेटर, हेडलाइटला रिले, नवं वायरिंग, सीट बेल्ट. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल येतं, ते जुनं रबर खातं, म्हणून पेट्रोलचे सगळे होज आणि पंपाचा डायफ्राम इथेनॉल सोसणाऱ्या मालाचे घ्या. यातलं काहीच गाडीचा सांगाडा कापून करावं लागत नाही.

आणि रबर, काचा, क्रोमच्या पट्ट्या आधी गोळा करा. मुंबईच्या टॅक्सींमुळे या मालाची दुकानं चालत होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली, तेव्हापासून जुना साठा उरेल तेवढाच. पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत कुर्ल्याला जाऊन जुन्या दुकानदारांशी बोला, जुना भाग नमुना म्हणून हातात घेऊन जा.

प्रश्न: माझ्या पद्मिनीला रंग देताना मूळचा पांढरा सोडून गडद हिरवा दिला तर चालेल का? (एक वाचक, मिरज)

उत्तर: चालेल, पण रंगाचा बदल आरसीवर नोंदवून घ्या आणि त्याआधी विमा कंपनीलाही कळवा. जुना रंग खरवडताना आतल्या पत्र्याला प्रायमर मारल्याशिवाय पावसाळ्यात गाडी उघडी ठेवू नका. मिरजेत जूनच्या आत काम उरकत नसेल तर सरळ दिवाळीनंतर हात घाला.